डीटीपीवाला वेबसाइट करायला बसतो तेव्हा

आमच्या डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं मांडायच्या धंद्यात पहिला प्रश्न साइजचा. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की मजकूर, फोटो, रंग हे सगळं मागाहून. आधी ए-फोर की ए-फाइव्ह, पत्रिका एकघडी की दोनघडी, कार्ड आडवं की उभं. साइज ठरली की कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढं पान उघडायचं आणि त्या चौकटीत गणपती कुठे, कुलदैवत कुठे, किलबिल कुठे, हे मिलिमीटरमध्ये बसवायचं. प्रूफ पास झालं, प्लेट निघाली की विषय संपला. हजारच्या हजार कागदांवर गणपती त्याच जागी.

वेबसाइटला साइजच नसते. आम्हा डीटीपीवाल्यांना हे पचायला फार जड जातं, आणि बाकीच्या बऱ्याच अडचणी त्यातूनच निघतात.

आता हे लिहायचं कारण. सांगलीतल्या माझ्या ओळखीच्या छपाईवाल्यांकडे हल्ली एकच मागणी येतेय. लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर फिरतात, पेपरात घालून वाटायची हँडबिलं कमी झाली, आणि जुनं गिऱ्हाईक म्हणतं, "तुम्ही डिझाइन करताच की, मग वेबसाइटपण तुम्हीच करून टाका." कोड न लिहिता, माउसने ओढून ठेवून साइट बनवायची सॉफ्टवेअरं आहेतच: विक्स, स्क्वेअरस्पेस, गूगल साइट्स, वेबफ्लो, वर्डप्रेस आणि त्यावर चढवायचा एलिमेंटर. उघडून बघितलं की आपल्याला वाटतं, अरे, हे तर आपलंच काम! बाजूला टूल, मध्ये पान, चित्र उचलायचं, ठेवायचं. कॉलेजातल्या पोरांपेक्षा आपला हात यात झरझर चालतो. आणि हात चालतो म्हणूनच आपली गाडी रुळावरून घसरते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नवख्या माणसाने हात बांधणारं सॉफ्टवेअर घ्यावं. 'कुठेही, काहीही ठेवा' अशी जाहिरात दिसली की जरा थांबावं.

कोड न लिहिता पान बनवायची कल्पना तशी जुनीच. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधनसंस्थेत जो पहिला ब्राउझर लिहिला, त्यात पान वाचताही यायचं आणि तिथल्या तिथे बदलताही यायचं. १९९३ मध्ये मोझॅक हा ब्राउझर आला, लोकप्रिय झाला, पण त्यात नुसती वाचायची सोय होती. लिहायची सोय मग वेगळी विकली जाऊ लागली. आमच्या पिढीला ती फ्रंटपेजच्या रूपात भेटली. व्हर्मीर नावाच्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. कॉम्प्युटर क्लासात वर्ड-एक्सेलच्या शेपटीला फ्रंटपेज शिकवायचे. सरकणारी अक्षरं, किती जण येऊन गेले ते मोजणारा काउंटर, माउस नेला की रंग बदलणारी बटणं. आणि पानाच्या तळाशी एक ओळ: 'हे पान ८०० बाय ६०० वर उत्तम दिसेल.' सगळं त्या एका ओळीत आलं. तेव्हा बहुतेकांचे पडदे सारखेच, म्हणजे ठरलेला कागदच की. अदृश्य रेघांचं टेबल आखायचं, रिकाम्या घरात एक बाय एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र ताणून बसवायचं, मजकूर जागचा हलत नसे. पेजमेकर हे छपाईची पानं मांडायचं सॉफ्टवेअर येणाऱ्याला यात नवं काहीच नव्हतं.

फोन हातात आले आणि तो कागद गेला. वेब डिझायनर इथन मार्कोट यांनी २०१० मध्ये 'रिस्पॉन्सिव्ह' हे नाव देऊन पद्धत मांडली: पान एकच, ते पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपली मांडणी बदलेल. आज साध्या अँड्रॉइड फोनची रुंदी ब्राउझरच्या हिशेबात ३६० पिक्सेलच्या आसपास असते आणि माझ्या दुकानातल्या मॉनिटरची १९२०. आता गणपती कुठे ठेवायचा? 'सगळ्यात वर, मधोमध' एवढंच सांगता येतं. मिलिमीटर सोडून द्यायचे.

विक्सचा मूळ एडिटर मात्र मोकळ्या ठेवणीचा. डेस्कटॉपवर वस्तू हवी तिथे ठेवा, आणि मोबाइलसाठी वेगळं दृश्य असतं, ते वेगळं आवरा. डेस्कटॉपवर नवीन काही टाकलं की तिकडे जाऊन ते नीट बसलंय का बघायचं. ज्याला रोज याच कामाला बसायचंय त्याला हे जमतं, चांगल्या साइट्स होतातही. पण दिवाळीआधी एकदा आणि मे महिन्यात एकदा साइट उघडणाऱ्या माणसाला हे दोन संसार सांभाळणं झेपत नाही.

उदाहरणादाखल आमच्या गल्लीतल्या काकूंचं काम सांगतो. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, उन्हाळ्यात सांडगे-कुरडया, दिवाळीत फराळ. त्यांचं हँडबिल वर्षानुवर्षं माझ्याकडेच होतं. पुण्यातल्या भाच्याने डोक्यात घातलं की साइट पाहिजे. आल्या आणि म्हणाल्या, "हे बघ, आपलं हँडबिल आहे ना, तेच टाक की त्याच्यावर. परत डिझाइनचे पैसे कशाला?"

आमच्यातले कितीतरी जण नेमकं हेच करतात. हँडबिलाची जेपीजी काढतात, पानावर चिकटवतात, झाली साइट. फोनवर ते हँडबिल पोस्टाच्या तिकिटाएवढं होतं, बोटांनी ताणून ताणून वाचावं लागतं. मजकूर चित्रात अडकल्यामुळे गूगलवर शोधणाऱ्याच्या तो सहजी हाती लागत नाही. ज्याला दिसत नाही आणि जो फोनकडून मजकूर वाचून घेतो, त्याला तर काहीच ऐकू येत नाही. हे सगळं मी काकूंना समजावलं, त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग म्हटलं, "काकू, चित्रातल्या नंबरवर बोट दाबलं तर फोन लागत नाही." तेवढं मात्र लगेच पटलं. "मग नको बाबा. दाबलं की लागला पाहिजे."

कॉम्प्युटर चालू करण्याआधी मी वही काढली. काय मिळतं, किती वजनात, किती दिवस टिकतं, कुठे पाठवता, ऑर्डर कशी द्यायची. खरा वेळ इथेच जातो. सॉफ्टवेअर शिकायला त्याच्या निम्मादेखील लागत नाही.

"भाजणी किती दिवस टिकते, काकू?"

"डबा कसा ठेवतात त्याच्यावर आहे."

"असं नाही लिहिता येत."

"मग लिही, कोरड्या चमच्याने काढा."

ते वाक्य जसंच्या तसं साइटवर आहे. हल्ली या सगळ्या सॉफ्टवेअरांत एआयचं बटण असतं, धंद्याचं नाव सांगितलं की मजकुरासकट साइट तयार. विक्सने तर असलं काहीतरी २०१६ मध्येच काढलं होतं. मजकूर मिळतो तो 'परंपरा आणि गुणवत्ता यांचा सुरेख संगम' छापाचा. तो भाजणीला चालतो, फरशीला चालतो, दातांच्या दवाखान्यालाही चालतो. कोरडा चमचा त्यात येत नाही.

काकूंसाठी गूगल साइट्स घेतलं. फुकट आहे, पानावर दुसऱ्याची जाहिरात येत नाही, आणि मुख्य म्हणजे त्यात करण्यासारखं फार काही नाही. सेक्शन एकाखाली एक येतात. सेक्शनच्या आत चित्र हलवायला गेलं की उभ्या पट्ट्या दिसतात आणि चित्र त्या पट्टीला जाऊन चिकटतं. मध्येच तिरकं, अर्ध्यावर अर्धं असं काही ठेवू देत नाही. कोरलवाल्याची पहिल्यांदा चिडचिड होते. होऊ द्यावी. तयार ब्लॉक असतात: एक चित्र आणि शेजारी मजकूर, तीन चित्रं आणि खाली मजकूर वगैरे. त्यातलाच एक उचलायचा.

इथे एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या धंदाबंधूंच्या हाडात भिनलेल्या सवयीची आहे. आपल्याला नागमोडी मांडणी फार आवडते. पहिल्या ओळीत फोटो डावीकडे, मजकूर उजवीकडे. दुसऱ्या ओळीत मजकूर डावीकडे, फोटो उजवीकडे. तिसरी परत पहिल्यासारखी. कॅटलॉगमध्ये झकास दिसतं. पण फोनवर ओळी मोडून सगळं एकाखाली एक येतं, आणि येताना डावीकडचं आधी. मग क्रम असा लागतो: भाजणीचा फोटो, भाजणीचा मजकूर, त्याला लागून मेतकुटाचा मजकूर, मग मेतकुटाचा फोटो आणि त्याला चिकटून सांडग्यांचा फोटो. बघणाऱ्याला कुठला मजकूर कुठल्या फोटोचा ते कळत नाही. इलाज साधा. फोटो कायम डावीकडे. कंटाळवाणं दिसतं, पण ऑर्डर बरोबर येते.

प्रिव्ह्यूमध्ये फोन, टॅब्लेट आणि मोठा पडदा अशी तीन चित्रं असतात, ती बघावीतच. तरी शेवटी खऱ्या फोनवर उघडावं, आणि तोही आपल्या नव्हे, गिऱ्हाइकाच्या. काकूंनी फोनमधली अक्षरं मोठ्यात मोठी करून ठेवलीत. असल्या फोनवर लांब मथळ्याच्या चार-चार ओळी होतात.

ऑर्डरसाठी एक बटण. त्याच्या लिंकमध्ये डब्ल्यू-ए डॉट एम-ई, तिरकी रेघ, ९१ आणि पुढे दहा आकडी नंबर. अधिकचं चिन्ह नाही, मधे मोकळी जागा नाही, सुरुवातीला शून्य नाही. दाबलं की थेट व्हॉट्सॲप उघडतं. खरेदीची टोपली, ऑनलाइन पेमेंट या भानगडीत घरगुती धंद्याने लगेच पडू नये. तळाला एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा १४ आकडी नोंदणी क्रमांक. खाण्याचा धंदा असेल तर ती नोंदणी घरगुतीवाल्यांनाही लागते, आणि बाहेरगावचं अनोळखी गिऱ्हाईक तो क्रमांक खरंच बघतं.

आता मराठीचं. या सॉफ्टवेअरांचे साचे इंग्रजी डोळ्याने केलेले असतात. रोमन अक्षरांत, अंतर मोकळं सोडून लिहिलेला मथळा त्यांच्याकडे ऐटबाज दिसतो. तीच जागा आपण 'थालीपीठ भाजणी'ने भरली की शिरोरेघेचे तुकडे पडतात, प्रत्येक अक्षर आपापली टोपी घालून वेगळं उभं. अक्षरांतलं अंतर शून्यावर आणायचं, दुसरा उपाय नाही. ओळींमधलं अंतरही साच्यात घट्ट आवळलेलं असतं. रोमनला ते पुरतं. आपल्याकडे वरच्या ओळीतला 'कू'चा उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीवर जाऊन आदळतो. अक्षराच्या उंचीच्या दीडपट अंतर ठेवलं की श्वास घेता येतो.

फॉन्टचं तर विचारूच नका. साच्यात माँटसेरात किंवा प्लेफेअर असतो, त्यात देवनागरी नाही. पण मराठी टाकलं तर काहीतरी दिसतं, त्यामुळे माणसाला वाटतं चाललं. चाललेलं नसतं. ब्राउझर गुपचूप आपल्याजवळचा देवनागरी फॉन्ट लावतो: विंडोजवर निर्मला यूआय, अँड्रॉइडवर नोटो, आयफोनवर कोहिनूर. म्हणजे तुम्ही दुकानात बसून जे पास केलंत ते गिऱ्हाइकाला दिसतच नाही. त्यापेक्षा गूगल फॉन्ट्सच्या यादीत देवनागरी निवडून बघावं. 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा मुक्ता मजकुराला नीट आहे, मथळ्याला त्यांचाच बालू, पॉपिन्समध्ये रोमन आणि देवनागरी दोन्ही. जरा भारदस्त काही हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी. त्यात 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे आहेत, हिंदीच्या नव्हेत. ज्याने कधी काळी खिळे जुळवलेत त्याला तो फरक लांबूनही दिसेल, बाकीच्यांना दाखवूनही दिसत नाही.

जुनं मॅटर असलं तर आणखी एक काम. बऱ्याच वर्षांपूर्वीची पत्रकं श्रीलिपी किंवा आकृती या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरांत टाइप केलेली असतात. ती उचलून पानावर टाकली की डॉलर, अवतरणचिन्हं आणि टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांची रांगोळी उमटते. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटर-फोनना सारख्याच कळणाऱ्या अक्षरांत बदलून घ्यायचं, आणि बदलल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासायची. प्रूफरीडिंग इथेही चुकत नाही.

फोटोंचं गणितही उलटं. आपण आयुष्यभर ३०० डीपीआय (इंचातले ठिपके), सीएमवायके (छपाईच्या चार शाया) म्हणत आलो. वेबला डीपीआयशी देणंघेणं नाही, तिथे पिक्सेल मोजायचे. फोनवर काढलेला फोटो सहज ४००० पिक्सेल रुंद आणि काही एमबीचा असतो; पानभर दिसणाऱ्या फोटोला १६०० पुष्कळ झाले. स्क्वूश नावाची एक फुकट जागा आहे, ब्राउझरमध्येच फोटो हलका करून देते आणि आधीचा-नंतरचा शेजारीशेजारी दाखवते. आणि कोरलमधून लोगो काढताना आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगांत काढा. सीएमवायकेतली जेपीजी वेबवर रंगांना दगा देऊ शकते. गुळाच्या पाकिटावरचा तांबूस रंग भलताच भडक झालेला मी बघितलाय.

साच्याबरोबर आलेला नमुना मजकूर पुसणं हे तर कोणी करतच नाही असं दिसतं. विक्सच्या साच्यांत सॅन फ्रान्सिस्कोमधल्या टेरी फ्रँकॉइस स्ट्रीटचा एक पत्ता आणि १२३-४५६-७८९० हा फोन नंबर नमुन्यादाखल असायचा. तो पत्ता गूगलवर शोधा आणि जगभरातले किती धंदे त्या एकाच इमारतीत भरलेत ते बघा. नमुन्यातल्या खुशीपत्रांचंही तेच. हसऱ्या गोऱ्या बाईंच्या फोटोखाली 'अप्रतिम सेवा' हे काकूंच्या कुरडयांना शोभत नाही, आणि खोटंही आहे. काढून टाका.

पैशांचं बोलायचं तर खर्च करावा तो डोमेनवर, म्हणजे साइटच्या स्वतःच्या पत्त्यावर. डॉट-इन डोमेन साधारण वर्षाला हजाराच्या आत मिळतं. गूगल साइट्सला ते जोडायला डोमेन जिथून घेतलं तिथल्या डीएनएसच्या (पत्ता कुठे न्यायचा ते लिहायच्या) पानावर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'साठी सीनेम नावाची एक नोंद करायची, तिचं टोक जीएचएस डॉट गूगलहोस्टेड डॉट कॉमकडे. एवढी एकच जागा अशी आहे जिथे माउसने ओढून भागत नाही. डोमेन कुणाच्या नावावर, कुणाच्या ईमेलवर आहे ते मात्र बघून घ्या. इथल्याच एका क्लासवाल्या सरांचं डोमेन साइट करून देणाऱ्याच्या खात्यात होतं. तो मुलगा गाव सोडून गेला, फोन उचलेना, मुदत संपली आणि पोरांच्या वह्यांवर छापलेला पत्ता मेला. त्या वह्या मीच छापल्या होत्या. मी आता गिऱ्हाइकाला समोर बसवून, त्याच्याच ईमेलवर आणि त्याच्याच कार्डाने डोमेन घ्यायला लावतो.

मराठी पत्त्याचा हट्ट बरेच जण धरतात. डॉट भारत २०१४ पासून मिळतं, छापल्यावर सुरेख दिसतं. पण पानाच्या पत्त्यात देवनागरी घातलं आणि लिंक कॉपी करून पाठवली की बऱ्याचदा एकेका अक्षराची टक्क्याच्या चिन्हांसकट नऊ-नऊ चिन्हं होतात. 'भाजणी'चा पत्ता मग लांबच लांब. आत मराठी आणि पत्ता रोमन, हेच सध्या सुटसुटीत.

आणि फुकटच्या घराचा भरवसा किती? याहूने जिओसिटीज ही फुकट साइटची सोय २००९ मध्ये बंद केली. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून फुकट साइट करता यायची, ती सोय मार्च २०२४ मध्ये गेली. विक्सची साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर (साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर) नेता येत नाही, असं त्यांच्या मदतीच्या पानांवरच लिहिलंय. म्हणून सगळा मजकूर एका साध्या फाइलमध्ये आणि मूळ फोटो एका फोल्डरमध्ये, गिऱ्हाइकाकडे. ज्याला पुढे भरपूर लिहायचंय, पानं वाढवायचीत, त्याने वर्डप्रेसकडे वळावं. २०१८ च्या डिसेंबरपासून त्यातही ब्लॉक आलेत, परिच्छेद, चित्र, बटण असे एकाखाली एक. वेगळा एलिमेंटर न घालता बरंच काम होतं, आणि मजकूर बाहेरही काढता येतो. फक्त होस्टिंग आणि अपडेटची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी. ती मी घेतो, वर्षाचे वेगळे पैसे लावून. फुकटात घेऊ नका, हे छपाईवाल्यांना मुद्दाम सांगतोय.

काकूंची साइट आता त्यांची सून सांभाळते. 'दिवाळीच्या ऑर्डरी बंद' हा सेक्शन वर चढवणं, शिमग्यानंतर कुरडयांचे फोटो टाकणं, माझ्याकडे कुणी येत नाही. भांडण राहिलंय ते दरांचं. मी म्हणतो साइटवर दर टाका, कारण व्हॉट्सॲपवर पहिला मेसेज 'रेट?' एवढाच येतो. काकू म्हणतात, "डाळींचे भाव दर महिन्याला हलतात. आणि दर कळल्यावर मला फोन कशाला करतील?" सून माझ्या बाजूची आहे, पण घरात बोलत नाही. तूर्त बटणाखाली 'आजचा दर व्हॉट्सॲपवर विचारा' अशी ओळ घातलीय.